फोटोतली जमीन बघायची

तीन महिन्यांची भटकंती ठरली तेव्हा माझी आणि धाकट्या बहिणीची अट एकच होती: एखाद्या वर्षावनात नीट राहून यायचं. बाकीचा मार्ग वाटेत ठरला तरी चालणार होता. पाठीवर एकेक सॅक, हाताशी मे ते जुलै, पैसे मोजके. वर्षावन निवडायला आठवडाभर पुरेल असं वाटलं होतं. दोन महिने लागले, आणि एवढं करून पहिली निवड चुकली. तेव्हा कुठले प्रश्न विचारायचे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय.

सुरुवात अ‍ॅमेझॉनपासूनच झाली. वर्षावन म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. पण नकाशा उघडला आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं, की ‘अ‍ॅमेझॉनला जाऊ’ म्हणण्यात काही ठरतच नाही. पन्नास लाख चौरस किलोमीटरहून मोठं अरण्य. त्यात शिरायचं कुठल्या दारातून? ब्राझीलमधलं मनाउस आहे. पेरूतलं इकितोस आहे. तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही, विमानाने जा नाहीतर बोटीने. पेरूच्याच पार दक्षिणेला पोर्तो माल्दोनादो, बोलिव्हियात रुरेनाबाके. प्रत्येक दारामागचं जंगल वेगळं, तिथलं पाणी वेगळं, तिथे पोचायची तऱ्हा वेगळी.

मनाउसबद्दल वाचताना पहिला डोळे उघडणारा तपशील सापडला. तिथे नदीची पातळी वर्षभरात दहा मीटरहून जास्त वरखाली होते. जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत खाली. नदीकाठच्या ज्या जंगलातून नोव्हेंबरात पायी जाता येतं, तिथेच जूनमध्ये झाडांच्या फांद्यांमधून होडी वल्हवत जावं लागतं. ते दृश्य विलक्षण असणार यात शंका नाही. शिवाय रिओ नेग्रोचं काळं, आम्लधर्मी पाणी डासांना मानवत नाही, त्यामुळे त्या बाजूला डास कमी. पण आम्हाला चालायचं होतं आणि आमच्या हाती नेमका जूनच होता. ‘कुठे’ विचारायच्या आधी ‘कधी’ विचारायला हवं, हे त्या दिवशी वहीत सर्वांत वर लिहिलं गेलं.

मोठ्या प्रवासी बोटीवर झोपायची झोळी टांगून मनाउसहून समुद्राजवळच्या बेलें शहरापर्यंत जायचा बेतही बरेच दिवस मनात घोळत होता. मग जे जाऊन आले होते त्यांचं वर्णन नीट वाचलं. प्रवाहाबरोबर जाणारी बोट पात्राच्या मध्यावरून चालते, पात्र प्रचंड रुंद, आणि अरण्य म्हणजे क्षितिजावर हिरवी रेघ. नदी अनुभवायची असेल तर त्यासारखं दुसरं काही नसेल. जंगल मात्र तिथून दिसत राहतं, आत जाता येत नाही.

खरा पेच रुरेनाबाकेने उभा केला. तिथून दोन वाटा फुटतात. एक मादिदीच्या वर्षावनात जाते, दुसरी पाम्पास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळ गवताळ प्रदेशात. ज्याला त्याला विचारलं तर उत्तर एकच: प्राणी बघायचेत ना, मग पाम्पासला जा. कापीबारा, केमन मगरी, माकडं, पक्षी, सगळं होडीत बसल्या बसल्या दिसतं. वर्षावनात दिवसभर चालूनही कदाचित काहीच दिसणार नाही.

आधी हे विचित्र वाटलं. जगातल्या सर्वांत जास्त जाती जिथे राहतात, तिथे काहीच दिसत नाही? विचार केल्यावर उलगडलं. मोकळ्या प्रदेशात नजर लांब जाते. वर्षावनात ती वीस-पंचवीस पावलांवर अडते, आणि बरीचशी जीवसृष्टी डोक्यावर तीस-चाळीस मीटर उंच, पानांच्या छतात असते. जाती भरपूर असल्या तरी एकेका जातीचे प्राणी विरळ, आणि त्यांतले कितीतरी रात्री फिरणारे. म्हणजे प्राणी सहज दिसणं आणि जंगल चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या रात्री बहिणीने दोन कागद फाडले. ‘दादा, तुला नक्की काय हवंय ते लिही. मी माझं लिहिते. मग बघू.’ मी लिहिलं: रात्रभर जंगलाचा आवाज ऐकायचा. तिने लिहिलं: ओरांगउटान. एवढ्या सरळ कामाला आम्ही तीन आठवडे उशीर केला होता. ते दोन कागद समोर ठेवले आणि अर्धा नकाशा आपोआप मिटला. ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर जंगलात राहतात. माझ्या कागदाला कुठलंही वर्षावन चाललं असतं, फक्त मुक्काम आत हवा होता.

बाकीच्या ठिकाणांची वही तशी लवकर मिटली. कोस्टा रिकातलं कोर्कोवादो फार मोहाचं होतं, पण तिथे मे ते नोव्हेंबर पावसाळा, आणि २०१४ पासून वाटाड्या घेतल्याशिवाय उद्यानात प्रवेश नाही. नियम मला योग्यच वाटतो, फक्त आमच्या हिशेबात बसत नव्हता. काँगोचं खोरं हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं वर्षावन, पण स्वतःच्या बळावर, सार्वजनिक वाहनाने तिथे आत जाणं आमच्या आवाक्याबाहेरचं. ऑस्ट्रेलियातलं डेंट्री फार प्राचीन, पण तेवढ्यासाठी तितक्या दूर जायला जमणार नव्हतं. औषधांचाही विचार होताच. दक्षिण अमेरिकेतल्या किंवा आफ्रिकेतल्या वर्षावनात जायचं तर पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे पुढेमागे तिकडे जाणार असाल तर ती घेऊन ठेवणं शहाणपणाचं. आग्नेय आशियात पीतज्वर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र प्रत्येक भागासाठी डॉक्टरांना वेगळं विचारावं लागतं, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी असली तरी अंगभर कपडे हवेतच.

आता बोर्निओबद्दल. त्या बेटावरच्या मलेशियाच्या साबा राज्यातली किनाबातांगान नदी ५६० किलोमीटर लांब. तिच्या खालच्या टप्प्यात सकाळ-संध्याकाळ होडीतून फिरलं की लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, धनेश, नशीब असेल तर ठेंगण्या हत्तींचा कळप आणि ओरांगउटानही दिसतात. फोटो बघून बहीण खुर्चीतून उठलीच. मग आम्ही त्याच भागाचं उपग्रहचित्र उघडलं. नदीच्या दोन्ही अंगांना जंगलाचा अरुंद पट्टा, आणि त्याच्यामागे आखीव ओळींत नजर जाईल तिथवर तेलताडाचे मळे. प्राणी एवढे सहज दिसतात त्याचं मोठं कारण त्यांना मागे सरकायला जागाच उरलेली नाही. किनाबातांगानला जाऊ नये असं मला म्हणायचं नाही. उलट पर्यटकांमुळेच तो पट्टा राखण्याला तिथल्या गावांचं बळ मिळतं. पण ते चित्र पाहिल्यावर ‘इथे प्राणी हमखास दिसतात’ हे वाक्य आम्ही पूर्वीसारखं वाचू शकलो नाही.

त्याच साबात दानुम खोरं आहे, ४३८ चौरस किलोमीटरचं. तिथलं ‘मेनारा’ नावाचं मेरांतीचं झाड १००.८ मीटर उंच आहे. तेहतीस मजली इमारत समजा. दानुमची माहिती वाचतानाच मला फोटो बघायची एक नवी रीत सापडली. वर्षावनात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा जेमतेम दोन टक्के भाग पोचतो. त्यामुळे जुन्या, न तोडलेल्या जंगलात खाली फार काही वाढत नाही. पालापाचोळा, रोपटी, वेलींचे दोरखंड, फळ्यांसारखी उभी आधारमुळं, आणि मधून चालता येईल अशी मोकळी जागा. कोयत्याने वाट काढावी लागते असं दाट रान हे नदीच्या काठाला, रस्त्याच्या कडेला, किंवा जिथे कधीकाळी तोड झाली आणि ऊन आत शिरलं तिथे माजतं. म्हणजे फोटोत जितकं भयंकर घनदाट, तितकं ते जंगल कोवळं असायची शक्यता जास्त. तेव्हापासून आम्ही कुठल्याही ठिकाणाचे फोटो उघडले की प्राणी आणि झाडं सोडून आधी जमीन बघायला लागलो. त्या एका सवयीने आमची यादी निम्मी केली.

दानुमला मुक्कामाची परवानगी बरीच आधी घ्यावी लागते आणि आम्ही उशीर केला होता. बोर्निओवरच्याच सारावाक राज्यातल्या मुलू उद्यानाला बहुतेक सगळे मिरीहून छोट्या विमानाने जातात. तिथल्या गुहेतून संध्याकाळी लाखो वटवाघळं बाहेर पडतात. तिथलीही तिकिटं आमच्या तारखांना मिळेनात. मग सुमात्रा पक्कं केलं, आणि तिथे आम्ही चुकलो.

गावाचं नाव लिहीत नाही. वर्षावनाच्या अगदी काठावरचं, बसने जाता येणारं, ओरांगउटानसाठी प्रसिद्ध. दोन दिवसांची पदयात्रा ठरवताना आम्ही किंमत विचारली, जेवण विचारलं, तंबू कसा आहे ते विचारलं. गटात किती माणसं असतील ते विचारलं नाही. तुम्ही प्राण्यांना खायला घालता का, हेही विचारलं नाही. निघताना कळलं की आम्ही चौदा जण आहोत. दोन तास चाललो असू, तेवढ्यात वाटाड्याने पिशवीतून केळी काढली आणि तोंडाने एक लांबट आवाज काढला.

ती वरून आली. कुशीला पिल्लू घट्ट धरलेली मादी. फांद्या वाकवत, एकेक हात टाकत सावकाश खाली उतरली, आणि आमच्यापासून चार हात अंतरावर येऊन थांबली. तिच्या बोटांची नखं, पिल्लाच्या डोक्यावरचे विस्कटलेले तांबूस केस, सगळं स्पष्ट दिसत होतं. गटातल्या एकाला सर्दी होती, तो शिंकला. ओरांगउटानला माणसाचे आजार लागतात, म्हणून किमान दहा मीटर अंतर ठेवायचं आणि खायला घालायचं नाही, हे आम्ही वाचलेलं होतं. मादीला साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं, हेही वाचलेलं होतं. बहिणीने फोटो काढला नाही. ती गटाच्या मागे गेली आणि पाठ करून उभी राहिली. संध्याकाळी तंबूत तिने तो जुना कागद सॅकमधून काढला, ओरांगउटान या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ज्याला मी आल्याचं कळणार नाही असा कुठलाही प्राणी.

चांगले वाटाडे सुमात्रात नक्कीच आहेत, पुढे आम्हाला भेटलेसुद्धा. गट चारांचा ठेवणारे, खाऊ न देणारे, जंगली ओरांगउटान दिसेलच असं नाही, हे आधीच सांगणारे. आम्ही त्यांना शोधलं नव्हतं. दोष निवडीचा होता.

आता आमच्याकडे तीन आठवडे होते आणि प्रश्न स्पष्ट झाले होते. पायी आत जाता येईल का? आत मुक्काम करता येईल का? गटाशिवाय राहता येईल का? जून-जुलैत वाट चालण्याजोगी असते का? जमिनीचा फोटो कसा आहे? या पाचही प्रश्नांना हो म्हणणारं एकच नाव हाती लागलं, आणि ते आम्ही सुरुवातीलाच ‘फार सोपं, फार गर्दीचं’ म्हणून खोडलं होतं: मलेशियाच्या द्वीपकल्पातलं तामान नेगारा.

मलय भाषेत तामान नेगारा म्हणजे नुसतं ‘राष्ट्रीय उद्यान’. त्यातला ‘नेगारा’ हा संस्कृत ‘नगर’ शब्दावरूनच गेलेला. ४,३४३ चौरस किलोमीटर, तीन राज्यांत पसरलेलं. इथलं जंगल तेरा कोटी वर्षं जुनं असल्याचं सांगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्वेचा मोसमी पाऊस वाटा बुडवतो. आम्ही जाणार होतो तो काळ त्यामानाने कोरडा. गर्दी आहे, पण ती कुआला तहान या उद्यानाच्या दारातल्या गावाच्या आसपासच्या दोन-तीन किलोमीटरांत. बहुतेक लोक दिवसाची फेरी मारून परततात. आणि आत, प्राणी क्षारयुक्त माती चाटायला येतात त्या चाटणांसमोर, बुंबुन म्हणतात तशी उंच मचाणघरं आहेत, तिथे रात्र काढता येते. ही एक ओळ आम्ही आधी वाचली असती तर!

जेरांतुतपर्यंत बस, तिथून कुआला तहान. गावासमोरची नदी लहान होडीने ओलांडली की उद्यान. कचेरीत परवाना घेतला, बुंबुन कुंबांगला दोन रात्रींची नोंद केली आणि सकाळी निघालो. दहा-अकरा किलोमीटरची वाट. ऐकायला किरकोळ वाटते, आम्हाला सात तास लागले. ओढे, मुळांच्या पायऱ्या, निसरडी लाल माती, आणि हवा इतकी दमट की शर्ट पहिल्या वीस मिनिटांत भिजला तो परत येईपर्यंत वाळला नाही.

जळवांची भीती बाळगू नये, तयारी ठेवावी. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पँटवरून चढवायचे. पानाच्या टोकावर शेपटीवर उभी राहून, हवेत डोलत वास घेणारी जळू एकदा नजरेला ओळखीची झाली की सगळीकडे दिसायला लागते. चिकटलीच तर नखाने तिचं तोंड बाजूला सरकवायचं. दुखत नाही, रक्त मात्र गोठू न देणारं द्रव्य ती सोडून जाते, त्यामुळे बराच वेळ वाहतं. दुपारी एका तुआलांगच्या बुंध्याशी थांबलो. गुळगुळीत, फिकट खोड सरळ वर जाऊन छताच्याही पलीकडे नाहीसं झालं होतं, आणि उंचावरच्या फांद्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकत होती. तेवढ्यात पाऊस आला. म्हणजे तो आल्याचं आधी कानांना कळलं. डोक्यावर प्रचंड आवाज सुरू झाला आणि आम्ही काही मिनिटं कोरडेच उभे होतो. मग पहिले थेंब खोडांवरून, वेलींवरून उतरून आमच्यापर्यंत पोचले. पाऊस थांबल्यावरही जंगल अर्धा तास गळत राहिलं.

मचाणघरात पोचलो तेव्हा बहिणीचा घोटा सुजला होता. लाकडी फळ्यांचे बाक, समोर लांब खिडकी, पुढे मोकळं मैदान आणि चिखलाचं चाटण. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उंदीर असतात म्हणून खाण्याची पिशवी दोरीने आढ्याला टांगली. ‘दादा, एक रात्र खूप झाली. उद्या होडीच्या धक्क्यापर्यंत चालू आणि परत जाऊ,’ ती म्हणाली. मी हो म्हटलं.

सहाच्या सुमारास सिकाडा किडे सुरू झाले. करवतीसारखा एक सूर, त्यावर दुसरा, मग जणू सगळी दरी कापली जातेय. अंधार पडताच ते थांबले आणि बेडूक, रातकिडे, कसल्यातरी पक्ष्याची दोन स्वरांची हाक असा सगळा मेळा जमला. मला जे ऐकायचं होतं ते हेच. त्यातही एक आवाज मी कल्पनेत धरलेला नव्हता: मध्यरात्री दूर कुठेतरी एक कडाड, मग लांबलेली सळसळ आणि जमिनीतून आलेला दणका. एक आख्खं झाड पडलं होतं. त्यानंतर काही क्षण सगळे आवाज थांबले होते.

दोन-दोन तासांची पाळी लावली होती. पावणेतीनला तिने माझा दंड दाबला, बोलली नाही. चाटणाकडे चिखलात पाय ओढल्याचा आवाज येत होता. मी विजेरीवर बोटं धरून प्रकाश मंद केला आणि एकदाच, थोडा बाजूला टाकला. अंधारात एक पांढुरकं पोतं जमिनीपासून दोन हात वर तरंगत होतं. त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते. मग ते वळलं आणि उमगलं: टापीर, आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी. त्याचा पुढचा भाग आणि पाय काळे, मधलं अंग पांढरं. रात्री काळं तेवढं अंधारात विरून जातं. विजेरी बंद केली. तो चाटत राहिला. जिभेचा, चिखलाचा, श्वासाचा आवाज वीसेक मिनिटं येत राहिला, आणि आम्ही खिडकीच्या फळीवर हनुवटी टेकून अंधारात बघत राहिलो. तो कधी गेला ते कळलंच नाही.

उजाडताना गिबनांच्या हाका सुरू झाल्या, चढत चढत जाणाऱ्या. घोट्याला पट्टी बांधून बहीण खाली उतरली आणि चाटणाच्या कडेला ओणवी झाली. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची तीन, आणि ठशांत गढूळ पाणी साचत होतं. ती बराच वेळ तिथे होती. मग वर आली, माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यातून पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची डबी काढली आणि तळहातावर ओतून मोजल्या. सहा होत्या.

‘म्हणजे सहा लिटर,’ ती म्हणाली. ‘आजची रात्र निघेल.’ आणि बाटल्या घेऊन ओढ्याकडे गेली.